बर्फ इथून कधी हटला? दगडफूल आणि झाडांच्या वलयांवरून हिमनदीची माघार मोजताना

गोडा मसाला घरी करणाऱ्यांना दगडफूल ओळखीचं असतं. राखाडी-काळसर, कागदासारखं चुरचुरीत, नुसतं हुंगलं तर वास नाही आणि तेलावर परतलं की घरभर दरवळ. हे दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार. याचाच एक चुलतभाऊ उंच हिमालयात खडकाला असा चिकटून बसतो की नखाने खरवडला तरी सुटत नाही. रंग पिवळसर हिरवा, मध्ये काळे ठिपके, कडेला काळी रेघ. शास्त्रीय नाव ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम. तो वर्षाला मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच वाढतो आणि शेकडो वर्षं जगतो. हिमनदी मागे सरकून एखादा खडक उघडा पडला की काही वर्षांनी हा पाहुणा येतो आणि गोल गोल पसरू लागतो. त्याचा व्यास मोजला की खडक साधारण कधीपासून उघडा आहे ते कळतं. शेजारी उगवलेल्या झाडाची वलयं मोजली की तोच प्रश्न दुसऱ्या साक्षीदाराला विचारता येतो.

महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मंडळी गंगोत्री-गोमुखला जातात, म्हणून हा लेख त्याच वाटेला धरून लिहिला आहे. पद्धत मात्र कुठल्याही हिमनदीपुढे तीच. यातलं अर्धं काम कुणालाही मोजपट्टी आणि कॅमेऱ्यावर करता येतं. उरलेल्यासाठी परवानगी आणि प्रयोगशाळा लागते. कुठे काय लागतं ते ओघात येईलच.

आधी एक गोष्ट पक्की करा

झाडाचं वय म्हणजे बर्फ हटल्याची तारीख नव्हे. या विषयातल्या निम्म्या चुका इथेच होतात. झाड साठ वर्षांचं असेल तर तुम्हाला एवढंच कळलं की निदान साठ वर्षं इथे बर्फ नाही. बर्फ सत्तर वर्षांपूर्वी गेला की शंभर, हे त्या झाडाला ठाऊक नसतं. बर्फ गेला, मग दगडगोट्यांचा ढीग हलायचा थांबला, मग कुठून तरी बी उडत आलं, मग ते रुजलं आणि हिवाळे काढून टिकलं. बर्फ हटल्यापासून रोप टिकेपर्यंतच्या या काळाला अभ्यासक ‘इसेसिस’ म्हणतात, आपण ‘रुजण्याचा उशीर’ म्हणू. हा उशीर कुठे पाच वर्षांचा असतो, कुठे पन्नासचा. तो नीट काढता आला तर काम झालं. नाही आला तर ‘निदान इतकी वर्षं’ एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं.

हा उशीर प्रत्यक्षात कसा दिसतो ते अलास्कातल्या ग्लेशियर बे या खाडीत सर्वांत स्वच्छ पाहायला मिळतं. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतले खलाशी तिथून गेले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तिच्या तोंडाशी बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर पोचले तोवर बर्फ साठ किलोमीटरहून जास्त आत गेला होता आणि १९१६ पर्यंत शंभर किलोमीटरच्या पुढे. त्याच १९१६ साली विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी उघड्या पडलेल्या जमिनीवर कायमच्या चौकटी आखल्या आणि कुठली वनस्पती कधी येते याची नोंद सुरू केली. बर्फ कधी गेला हे ठाऊक आणि झाडं कधी आली हेही ठाऊक, त्यामुळे मधला उशीर सरळ वजाबाकीने मिळाला. आधी शेवाळी (मॉस) आणि जमिनीलगत पसरणाऱ्या ड्रायास या झुडपाच्या चटया, मग हवेतला नायट्रोजन मातीत आणणारी आल्डरची झुडपं, मग स्प्रूसचं जंगल, असा क्रम पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे वलयं मोजून पाहिल्यावर कळलं की सगळ्या जागी हा क्रम सारखा नाही. बी देणारं जुनं जंगल किती दूर आहे यावर बरंच ठरतं. म्हणून अलास्काचा आकडा उचलून गढवालात लावायचा नाही. अलास्काचा कशाला, भागीरथीच्या खोऱ्यातला आकडा शेजारच्या मंदाकिनीच्या खोऱ्यातही डोळे मिटून लावू नका.

घरी बसून करायचं काम

निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी उपग्रहाच्या चित्रांवर घालवा. हिमनदीच्या आजच्या मुखापासून, म्हणजे खालच्या टोकापासून, खाली दरीकडे या आणि हिमोढ शोधा. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचे हे बांध शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केले आहेत. दरीत आडवा, धनुष्याच्या आकाराचा तो अंत्य हिमोढ. तिथे हिमनदी काही काळ थबकली होती. कडेने लांबच लांब धावणारा तो पार्श्व हिमोढ, त्याच्या उंचीवरून बर्फ किती जाड होता ते समजतं. दरीच्या उतारावर वर दाट जुनी झाडी आणि खाली अचानक कोवळी किंवा काहीच नाही, अशी रेघ दिसली तर तीही टिपून ठेवा. बर्फाने खालची झाडी खरवडून नेली होती, असं ती रेघ सांगते.

मुखाकडून खाली येताना भेटणाऱ्या बांधांना क्रमाने अ, ब, क अशी नावं द्या. खालचा बांध जुना, वरचा नवा, हा साधा नियम पुढे तपासणीला फार उपयोगी पडतो. तुमचं मोजमाप वरच्या बांधाला जुना ठरवत असेल तर चूक बांधाची नाही.

मग जुन्या नोंदी गोळा करा. गंगोत्री हिमनदी यात भाग्यवान आहे. १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन यांनी गोमुखाचा, म्हणजे या हिमनदीच्या मुखाचा, नकाशा तयार केला. त्यानंतरच्या साठ वर्षांत मुख वर्षाला सरासरी १९ मीटरच्या आसपास मागे गेल्याचं मोजलं गेलं आहे. म्हणजे १९३५ ची जागा आजच्या मुखाच्या दीड-दोन किलोमीटर खाली येते. तिच्याही खाली, वाटेवरच्या भोजबासाच्या बाजूला, जे बांध आहेत त्यांच्यासाठी नकाशे फारसे कामाला येत नाहीत. तिथे दगडफुलाला आणि झाडाला विचारायचं.

परवानगी

गोमुखाची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते. नुसतं चालत जायलाही वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० माणसांची मर्यादा आहे. दगडफुलाचं माप घेणं, फोटो काढणं, रोपं मोजणं यात काहीच तोडायचं नसतं, तरी चौकीवर काय करणार आहात ते सांगून ठेवलेलं बरं. झाडाला भोक पाडून नमुना घ्यायचा तर लेखी परवानगी हवीच, आणि ती एखाद्या संस्थेमार्फतच मिळते. ‘एकच तर भोक’ म्हणून बोरर (भोक पाडायचं गिरमिट) पिशवीत टाकून जाऊ नका. खडक खरवडून लायकेन घरी आणणं तर नकोच. दोनशे वर्षांचा साक्षीदार दोन मिनिटांत संपतो.

दगडफुलं मोजताना

सामान थोडकं आहे. प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (धातूचा थंडीत बोटांना चिकटल्यासारखा होतो), दहापट मोठं दाखवणारं भिंग, फोटोत ठेवायला छोटी मोजपट्टी, जीपीएस, पेन्सिल आणि वही. पेन नको, चार हजार मीटरवर शाई रुसते.

खडक निवडताना अंगठ्याएवढे गोटे सोडा. निदान बैलगाडीच्या चाकाएवढा, जमिनीत पक्का रुतलेला दगड हवा. ऱ्हायझोकार्पनला ग्रॅनाइट, नीससारखे सिलिकायुक्त खडक मानवतात, चुनखडीवर तो शोधण्यात वेळ घालवू नका. गंगोत्रीच्या परिसरातला फिकट ग्रॅनाइट त्याच्या सोयीचाच आहे. जिथे बर्फाचे साठे जूनपर्यंत वितळत नाहीत अशा खोलगट जागा टाळा, बर्फाखाली फार काळ राहिलेलं लायकेन मरतं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तंबूंच्या जागा, चुली पेटलेल्या जागा, यात्रेकरूंनी रंग लावलेले दगडही वगळा.

आता गुडघे टेकून जवळ जा. माझी पहिली मोठी फजिती इथेच झाली. भोजबासाच्या वर एका दगडावर भलामोठा पिवळट गोल सापडला, ७० मिलिमीटरच्या पुढे. आनंदात आकडा वहीत लिहिला, सोबतच्यांना हाक मारली. सोबतच्या एका मैत्रिणीने भिंग लावलं आणि काही न बोलता ते माझ्या हातात दिलं. गोलाच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ वाकडीतिकडी धावत होती, नकाशावरच्या दोन तालुक्यांच्या हद्दीसारखी. ती दोन लायकेनं होती, वाढत वाढत एकमेकांना भिडलेली. प्रत्येकाच्या कडेला असते तीच काळी किनार सांध्यावर दिसत होती. या प्रजातीच्या नावात ‘जिओग्राफिकम’ आहे ते या नकाशासारख्या रूपामुळेच. तेव्हापासून मी आधी भिंग लावतो, मग कॅलिपर.

माप घेताना काळ्या किनारीपासून काळ्या किनारीपर्यंत घ्या. गोल वेडावाकडा असेल तर त्यात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास धरा. काही अभ्यासक लांब बाजू मोजतात, काही आखूड. कुठलीही एक रीत धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. सकाळी दवाने ओलं झालेलं लायकेन गडद दिसतं आणि कडा फसवी होते, ऊन लागून सुकू द्या. एका बांधावर निदान शंभरेक दगड तपासून त्यांतली सर्वांत मोठी पाच लायकेनं निवडायची आणि त्यांची सरासरी काढायची, ही बरीच चालणारी रीत आहे. मोठीच का? कारण छोटी उशिरा आलेली असतात, आपल्याला पहिला पाहुणा हवा असतो.

एक सापळा लक्षात ठेवा. पाचांपैकी एकच बाकीच्यांच्या दीडपट असेल तर आनंद आवरा. तो दगड वरच्या कड्यावरून अंगावरच्या लायकेनसकट घरंगळत आलेला असू शकतो. असा आकडा वहीत ठेवा, पण कारण लिहून सरासरीतून बाहेर काढा.

मापाचं वर्ष करताना

व्यास मिळाला, पण वाढीचा वेग? तो त्याच परिसरात वय ठाऊक असलेल्या दगडांवरून काढायचा असतो. ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेल यांनी १९५० च्या सुमारास ही पद्धत मांडली. त्यांच्याकडे कबरींचे दगड होते, वर तारीख कोरलेलीच. त्यावरचं लायकेन मोजायचं, तारखेपासूनची वर्षं मोजायची, आलेख काढायचा. आपल्याकडच्या पहाडात अडचण अशी की तारखेचे दगड मिळत नाहीत. देवळं जुनी असतात, पण त्यांची डागडुजी होते, दगड घासले जातात, चुना लागतो. मग काय वापरायचं? जुन्या पुलांचे दगडी खांब, रस्ता फोडताना उघडे पडलेले कडे, बांधकामाचं साल कोरलेल्या भिंती. उत्तरकाशीच्या भागात आणखी एक सोय आहे. २० ऑक्टोबर १९९१ च्या भूकंपात जागोजागी दरडी कोसळल्या. त्या दरडींतल्या ताज्या फुटलेल्या दगडांना आता तीस वर्षांच्या वर झाली. गावातल्या जुन्या माणसाला ‘ही दरड भूकंपातलीच का’ असं विचारून खात्री करून घ्या आणि मगच मोजा.

निदान तीन-चार वेगवेगळ्या वयांचे असे दगड हवेत. आलेख काढला की दिसेल, सुरुवातीची काही वर्षं काहीच नाही, मग काही दशकं वेगाने वाढ, मग संथ आणि जवळपास एकसारखी. म्हणून एकाच बिंदूवरून सरळ रेघ मारू नका.

हिशेब कसा होतो ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा तुमच्या आलेखावरून लायकेन यायला १५ वर्षं लागतात आणि पुढे सरासरी वेग वर्षाला ०.५ मिलिमीटर. बांध ‘ब’ वरच्या पाच मोठ्यांची सरासरी ४२ मिलिमीटर. ४२ भागिले ०.५ म्हणजे ८४, अधिक १५, एकूण ९९ वर्षं. आता वेग ०.५ ऐवजी ०.४ धरून पाहा. १०५ अधिक १५, म्हणजे १२०. दशांशाच्या एका घराने एकवीस वर्षांचा फरक पडला. म्हणून ‘९९ वर्षं’ असं कधी लिहायचं नाही, ‘साधारण ९० ते १२०’ असं लिहायचं.

आणखी एक पथ्य. १९३५ च्या नकाशावरची जागा तुम्ही वेग काढायला वापरली असेल तर ‘माझ्या पद्धतीने १९३५ बरोबर आलं’ असं मिरवू नका. स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच पहिला नंबर आल्यासारखं ते होतं.

या पद्धतीवर टीका आहे आणि ती कडक आहे. २०१५ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी हे शास्त्र आहे की शास्त्राचा आव, असा थेट सवाल केला. प्रजाती ओळखण्यात गफलत, लायकेनांचा मृत्यू हिशेबात न धरणं, थोड्या बिंदूंवरून लांबलचक आलेख ओढणं, अशी त्यांची तक्रार होती. मला ती बरीचशी पटते. तरीही झाडं जिथे उगवतच नाहीत अशा उंचीवर शे-दोनशे वर्षांच्या बांधांसाठी हाताशी दुसरं फारसं काही नसतं. वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या रविंदर कुमार चौजर यांनी केदारनाथच्या वरच्या चोराबारी हिमनदीचे बांध याच रीतीने मोजले आणि माघार सुमारे २५८ वर्षांपूर्वी सुरू झाल्याचं २००९ मध्ये मांडलं. तो आकडा मी २५८ असा काटेकोर घेत नाही, अठराव्या शतकाचा मध्य असा घेतो. मला वाटतं तेवढं पुरेसं आहे.

झाडं: आधी रोपं, मग बुंधे

गोमुखाच्या वाटेवर चीरबासा आणि भोजबासा ही नावंच झाडांची आहेत. चीर म्हणजे तिथला पाइन, भोज म्हणजे भूर्जवृक्ष, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे.

कोवळा पाइन मोजायला कुठलंच हत्यार लागत नाही. तो दर वर्षी शेंड्याजवळ फांद्यांचं एक कडं सोडतो. खालून वर कडी मोजत जा, तितकी वर्षं. बुंध्याच्या तळाशी गळून गेलेल्या फांद्यांच्या खुणा बोटांनी चाचपून मोजाव्या लागतात, त्यासाठी दोन-तीन वर्षं जास्त धरा. रुजण्याचा उशीर काढायला ही रोपं सोन्यासारखी. गेल्या काही दशकांत मुख कुठल्या साली कुठे होतं हे उपग्रहाच्या चित्रांवरून कळतंच. त्या जागेवरचं सर्वांत जुनं रोप शोधा, त्याचं वय काढा. बर्फ गेल्याचं साल आणि रोप रुजल्याचं साल यांतलं अंतर हाच तुमचा स्थानिक उशीर. तिथे एकही रोप नसेल तर तीही नोंदच आहे, उशीर निदान तितका तरी आहे.

भोजबासाला मात्र सावध राहा. यात्रेकरूंच्या चुलींसाठी इथली भोजची झाडं वर्षानुवर्षं तुटली. पुढे गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथे भोजची लागवड केली. काम मोलाचं, पण आपल्या हिशेबाला त्याने चकवा बसतो. माणसाने लावलेलं झाड बर्फाबद्दल काहीच सांगत नाही. रांगेत उभी, एकाच वयाची, कुंपणाच्या आतली झाडं वगळा. तुटलेल्या खुंटातून फुटलेल्या भोजचंही तसंच, फांदी तीस वर्षांची आणि मूळ कितीतरी जुनं.

मोठ्या झाडांसाठी इन्क्रिमेंट बोरर लागतो, म्हणजे पोकळ गिरमिट. बुंध्यात फिरवत नेलं की पेन्सिलपेक्षा बारीक लाकडाची कांडी बाहेर येते. हे काम परवानगी असलेल्या गटासोबतच करायचं, तरी रीत ठाऊक असावी. भोक शक्य तितकं खाली, गुडघ्याच्याही खाली घ्यायचं, कारण जितकं वर जाल तितकी झाडाची पहिली वर्षं निसटतात. उताराच्या दिशेने नाही, उताराला आडवं. उतारावरच्या झाडात एका बाजूला लाकूड जास्त भरतं आणि वलयं फसवतात. एका झाडातून दोन कांड्या. भोजला उगाच भोकं पाडू नयेत, त्याला जखमेतून लवकर कूज लागते, पाइन-देवदारासारखं राळेने भोक बुजवणं त्याला जमत नाही.

कांडी कागदी स्ट्रॉमध्ये ठेवून वर झाडाचा नंबर, उंची, दिशा, तारीख लिहायची. घरी आणून खाचेच्या लाकडी पट्टीवर फेविकॉलने चिकटवायची, लाकडाचे तंतू उभे राहतील अशी. मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, मग अगदी बारीक, आरशासारखी होईपर्यंत. पाइनची वलयं तेव्हा स्पष्ट उठतात, वसंतातलं फिकट लाकूड आणि उन्हाळ्याअखेरचं गडद, एक जोडी म्हणजे एक वर्ष. भोजची वलयं फिकी असतात, ओल्या बोटाने पुसून तिरप्या उजेडात पाहावी लागतात.

नुसतं मोजून भागत नाही. फार वाईट वर्षी झाड वलय पूर्ण करतच नाही. कधी अधेमध्ये थंडी पडून एका वर्षात दोन दिसतात. उपाय म्हणजे झाडं एकमेकांशी ताडून पाहणं. अमेरिकेतल्या ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत बसवली. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ, सूर्यावरच्या डागांचा मागोवा झाडांत घ्यायला निघाले आणि एक वेगळं शास्त्रच उभं करून बसले. एका परिसरातल्या सगळ्या झाडांना वाईट वर्षं एकाच वेळी येतात. अरुंद वलयांचा क्रम, समजा अरुंद-रुंद-रुंद-अरुंद-अरुंद, दहा झाडांत जुळला आणि अकराव्यात एका वर्षाने सरकला, तर अकराव्यात एक वलय हरवलं आहे.

वजाबाकी

हेही कल्पित उदाहरण. सप्टेंबर २०२४ मध्ये कांडी घेतली, ६२ वलयं भरली, शेवटचं २०२४ चं. सर्वांत आतलं वलय १९६२ चं नाही, १९६३ चं. दोन्ही टोकं मोजली जातात, इथे एका वर्षाची चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. कांडी बुंध्याच्या नेमक्या मध्यातून गेली नाही, आतल्या वलयांच्या वळणावरून तीन वर्षं हुकली असं दिसतं, म्हणजे १९६०. भोक ३० सेंटीमीटर उंचीवर होतं आणि रोपांवरून तुम्हाला कळलं आहे की तेवढी उंची गाठायला सहा वर्षं लागतात, म्हणजे १९५४. रुजण्याचा उशीर २० वर्षं, म्हणजे १९३४. या शेवटच्या वीसमध्येच सगळी मेख आहे. तो आकडा तीन रोपांवरून काढला असेल तर उत्तरापुढे अधिक-उणे लिहायला लाजू नका.

मेलेलं झाड जास्त बोलतं

आतापर्यंत आपण बर्फ मागे गेल्याची तारीख काढत होतो. बर्फ पुढे आल्याची तारीख हवी असेल तर त्याने मारलेल्या झाडांकडे जायचं, आणि तिथे रुजण्याच्या उशिराची भानगडच नसते. हिमनदी पुढे सरकताना झाडाला ढकलते, झाड कलतं आणि त्या वर्षापासून एका बाजूची वलयं रुंद होतात. साल खरवडली गेली तर जखमेचं वर्ष वलयांत उमटतं. झाड गाडलंच गेलं तर शेवटचं वलय म्हणजे मृत्यूचं वर्ष. मात्र साल शाबूत असायला हवी, नाहीतर बाहेरची काही वलयं झिजून गेलेली असतात.

स्वित्झर्लंडच्या ग्रेट आलेच हिमनदीचा इतिहास असाच गाडलेल्या झाडांवरून आणि जुन्या कागदपत्रांवरून जुळवला आहे. चौदाव्या शतकात १३७० च्या सुमाराला, मग १६७० च्या दशकात आणि मग १८६० च्या जरा आधी ती सर्वांत पुढे आली होती. या थंड शतकांना लघु हिमयुग म्हणतात.

जिथे झाडंच नाहीत तिथे शेवाळी हे काम करते. कॅनडाच्या बॅफिन बेटावर बर्फाच्या टोप्या आक्रसत आहेत आणि त्यांच्या कडेला मेलेली, पण अजून उगवल्या जागीच असलेली शेवाळी बाहेर येते आहे. गिफर्ड मिलर आणि सहकाऱ्यांनी तिचं कार्बन-१४ ने वय काढलं. बऱ्याच नमुन्यांचे मृत्यू इसवी सन १२७५ ते १३०० या पंचवीस वर्षांत दाटले होते, दुसरा घोळका १४३० ते १४५५ चा. म्हणजे थंडी हळूहळू नव्हे, झटक्यात आली. काही ठिकाणची शेवाळी तर ४४,००० वर्षांहून जुनी निघाली, त्या जागी तेव्हापासून बर्फ कधी इतका वितळलाच नव्हता. पेरूच्या केल्काया बर्फटोपीच्या कडेला अशाच सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीच्या वनस्पती सापडल्या.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. एल्समिअर बेटावरच्या टिअरड्रॉप हिमनदीखालून लघु हिमयुगात गाडलेली शेवाळी बाहेर आली. काळपट, वाळकी. तिच्यात हिरवे कोंब दिसले म्हणून कॅथरिन ला फार्ज यांनी प्रयोगशाळेत ती रुजवून पाहिली आणि चारशे वर्षं बर्फाखाली असलेली शेवाळी पुन्हा वाढली. २०१३ ची ही गोष्ट. पण आपल्या कामाच्या दृष्टीने हा इशाराही आहे. बर्फाच्या कडेला हिरवं दिसलं म्हणजे ते नवं रुजलं असं धरून चालू नका, ते जुनंच जागं झालेलं असू शकतं.

बांधावरून हवामानाकडे

हिमनदीचं मुख हा हवामानाचा उशिरा बोलणारा साक्षीदार. वर बर्फ कमी पडू लागला किंवा उन्हाळे तापले तरी त्याचा परिणाम तीस किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीच्या टोकाशी पोचायला कित्येक दशकं लागतात, त्यात अंगावर दगडमातीचं पांघरूण. त्यामुळे १९३४ चा बांध म्हणजे १९३४ चं हवामान नव्हे.

झाडाची वलयं मात्र त्या त्या वर्षाचं बोलतात, फक्त काय बोलतात ते आधी समजून घ्यावं लागतं. वृक्षरेषेजवळ, म्हणजे जिच्या वर झाडं उगवत नाहीत त्या उंचीजवळ, झाडाला उन्हाळ्याची ऊब कमी पडते, तिथे रुंद वलय म्हणजे उबदार उन्हाळा. खालच्या कोरड्या उतारावरच्या देवदाराला पावसाळ्याआधीचं ऊन नकोसं असतं, तिथे रुंद वलय म्हणजे थंड आणि ओला वसंत. एकाच खोऱ्यात उलटे अर्थ. म्हणून वलयांचा आलेख आधी जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींशी जुळवतात, संबंध कळला की तो मागच्या शतकांवर लावतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेने लाहौलच्या जुनिपरवरून हजार वर्षांच्या पलीकडे जाणाऱ्या मालिका उभ्या केल्या आहेत. आपल्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतही हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. हिमालयातला देवदार तर आहेच, पण तिथल्या हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या सागाच्या ५२३ वर्षांच्या वलयांत मान्सूनच्या दुष्काळाच्या खुणा वाचल्या. सागाला वर्षाचं एक स्पष्ट वलय पडतं, आंब्या-वडाला तसं पडत नाही, म्हणून गावच्या पारावरच्या वडाचं वय कुणी छातीठोक सांगितलं तर हसून सोडून द्या.

वहीत काय उतरवायचं

प्रत्येक मापासोबत जागा, उंची, उताराची दिशा, खडकाचा प्रकार, प्रजातीबद्दल खात्री किती, आणि मोजपट्टीसकट फोटो. प्रजातीबद्दल शंका असेल तर शेजारी प्रश्नचिन्ह, पुसायचं नाही. त्याच लायकेनचा दहा वर्षांनी फोटो काढणाऱ्याला दगड सापडला पाहिजे, म्हणून जवळचा फोटो एक आणि दहा पावलं मागे जाऊन मागचा डोंगर येईल असा एक. दगडावर रंगाने खूण करू नका. उत्तर लिहिताना आकड्याआधी ‘निदान’ हा शब्द, आकड्यानंतर अधिक-उणे, आणि खाली एका ओळीत उशीर किती धरला व कशावरून. मी ‘ब’ बांधासाठी माझ्या वहीत अजून ‘निदान ८० वर्षं, उशीर ठाऊक नाही’ एवढंच लिहून ठेवलं आहे. तिथे मला कोवळं असं एकच रोप मिळालं होतं, आणि त्याचा शेंडा बकऱ्यांनी खाल्लेला होता.